एका भाकरीचे विशेषण

आज मी तुमच्यापुढे एकच शब्द घेऊन आलो आहे. तो आपल्या भाषेतला नाही, ग्रीक भाषेतला आहे. कागदावर उतरून त्याला सुमारे एकोणीसशे वर्षे झाली. जगातील कोट्यवधी ख्रिस्ती माणसांच्या तोंडी त्याचे भाषांतर रोज असते. आणि तरीही त्या शब्दाचा नेमका अर्थ काय, याविषयी विद्वानांचे आजतागायत एकमत झालेले नाही.

आता तुम्हांला वाटेल, असेल काहीतरी मोठा तत्त्वज्ञानाचा शब्द. तसं नाही बरं का! हा शब्द म्हणजे भाकरीला लावलेले एक विशेषण आहे. आपण म्हणतो ताजी भाकरी, शिळी भाकरी, ज्वारीची भाकरी. तसा हा शब्द सांगतो की भाकरी कोणती. शब्द आहे 'एपिऊसिओस'. भाकरी हवी, पण ती 'एपिऊसिओस' हवी.

हा शब्द आला कुठे, ते आधी पाहू. येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना एक प्रार्थना शिकवली. तिला 'प्रभूची प्रार्थना' म्हणतात. नव्या करारात ती दोन ठिकाणी आढळते: मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात, आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात. मत्तयात ती थोडी लांब आहे, लूकमध्ये आखूड. प्रार्थनेच्या आरंभी देवाचे नाव, त्याचे राज्य, या गोष्टी आहेत. शेवटी क्षमा आणि मोहापासून सुटका. आणि बरोबर मधे, या सगळ्या थोर मागण्यांच्या मधे, भाकरीची मागणी आहे. आमची भाकरी आम्हांला दे. त्या भाकरीला हे विशेषण लावलेले आहे, आणि दोन्ही शुभवर्तमानांत ते अक्षरशः तेच आहे.

येशू आणि त्याचे शिष्य गालील प्रांतातले. त्यांची रोजची बोली अरामी. शुभवर्तमाने मात्र पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रीक भाषेत लिहिली गेली, कारण भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील गावोगावी ग्रीक चालत असे. येशूच्या तोंडचा मूळ अरामी शब्द कोणी उतरून ठेवलेला नाही. आपल्या हाती आहे तो त्याचा ग्रीक अवतार.

नव्या कराराखेरीज 'बारा प्रेषितांची शिकवण' नावाचे एक अगदी जुने ख्रिस्ती पुस्तक आहे. त्याची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये सापडली. त्यातही हा शब्द आहे, पण तोही याच प्रार्थनेत! म्हणजे शब्द तीन ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणी प्रार्थना एकच. पुढे ज्यांनी ज्यांनी तो वापरला, त्यांनी तो या प्रार्थनेवरूनच घेतला.

एखाद्या शब्दाचा अर्थ आपल्याला कळतो कसा? तो चार ठिकाणी ऐकून. लहान मूल कोशात बघून भाषा शिकत नाही. 'पाणी' हा शब्द ते विहिरीपाशी ऐकतं, जेवताना ऐकतं, पाऊस पडताना ऐकतं, आणि मग त्याला पाणी म्हणजे काय ते उमगतं. परंतु जो शब्द एकाच वाक्यात आला आणि पुन्हा कुठे आलाच नाही, त्याचा अर्थ कसा लावायचा?

ही अडचण आजकालची नाही. अलेक्झांड्रिया शहरात ऑरिजेन नावाचा मोठा ख्रिस्ती पंडित होऊन गेला. इ. स. २३३ च्या सुमारास त्याने प्रार्थनेवर एक ग्रंथ लिहिला. ग्रीक ही त्याची स्वतःची भाषा, आणि वाचन तर अफाट. तो स्पष्ट लिहितो की हा शब्द विद्वानांच्या ग्रंथांत नाही आणि सामान्य माणसांच्या बोलण्यातही नाही. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच तो घडवलेला दिसतो. शब्द लिहिला गेल्याला तेव्हा दीडशे-पावणेदोनशे वर्षेच झाली होती. ग्रीक बोलणाऱ्या माणसालाच तो परका वाटला, तर इतरांची काय कथा!

मग उपाय एकच उरतो: शब्दाची फोड करणे. शिक्षक बंधुभगिनींना हे काम ओळखीचे आहे. 'प्रत्येक' कसा झाला, तर प्रति अधिक एक. तशीच या शब्दाची फोड करून पाहू. ग्रीक आणि संस्कृत या दूरच्या बहिणी आहेत, त्यामुळे आपल्याला ती अवघड जाणार नाही. शब्दाचा पहिला भाग 'एपि'. संस्कृतातील 'अपि' तो हाच. त्याचा अर्थ वर, जवळ, साठी असा प्रसंगानुसार होतो. खरा प्रश्न आहे पुढच्या भागाचा, आणि तिथे वाटा फुटतात.

पहिली वाट अशी. ग्रीकमध्ये 'ऊसिआ' असा शब्द आहे. तो 'असणे' या धातूपासून आला. संस्कृतातील 'अस्' धातू आणि 'सत्' हा शब्द त्याच कुळातले. 'ऊसिआ' म्हणजे अस्तित्व, सत्त्व. तेव्हा 'एपिऊसिओस' भाकरी म्हणजे अस्तित्वासाठी लागणारी, जीव धरून ठेवणारी भाकरी. ऑरिजेनने हीच वाट धरली. मात्र तो पोटाच्या भाकरीवर थांबला नाही. देवाजवळ मागायचे ते पोटाचे कसे असेल? तेव्हा ही आत्म्याच्या सत्त्वाला पोसणारी भाकरी, असा अर्थ त्याने लावला.

दुसरी वाट त्याच धातूची, पण जवळची. 'ऊसा' म्हणजे असणारी, चालू असलेली; संस्कृतात 'सती' म्हणतात तसे रूप. त्यातून चालू दिवसापुरती भाकरी, म्हणजे आजची भाकरी, असा अर्थ निघतो.

तिसरी वाट निराळ्या धातूची. 'जाणे, येणे' या अर्थी ग्रीकमध्ये जो धातू आहे, तो संस्कृतातल्या 'इ' धातूचा भाऊ. त्याला 'एपि' लावला की 'एपिऊसा' असे रूप होते. त्याचा अर्थ येणारी, पुढची. आणि हे रूप मात्र चांगले प्रचारात होते. 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक लूकच्याच हातचे मानले जाते. त्यात प्रवासाची वर्णने आहेत, आणि 'दुसऱ्या दिवशी' म्हणायचे असेल तेव्हा हे रूप अनेकदा आले आहे. यावरून 'एपिऊसिओस' म्हणजे येणाऱ्या दिवसाची, उद्याची भाकरी.

आता यात संधीचा एक मुद्दा आहे. ग्रीकमध्ये 'एपि'च्या पुढे स्वर आला की त्याचा शेवटचा 'इ' बहुधा गळतो. त्या नियमाने 'एपि' आणि 'ऊसिआ' मिळून 'एपूसिओस' व्हायला हवे होते, 'एपिऊसिओस' नव्हे. तिसऱ्या वाटेत ही अडचण येत नाही, कारण तिथला 'इ' मुळी 'येणे' या धातूचाच आहे. केंब्रिजचे पंडित लाइटफुट यांनी १८७१ मध्ये याच आधारावर 'येणाऱ्या दिवसाची' या अर्थाची बाजू जोराने मांडली. पण विरुद्ध बाजूलाही सांगण्यासारखे आहे. 'इ' गळण्याच्या नियमाला अपवाद सापडतात. आणि स्वतः ऑरिजेनला, ज्याची ती भाषा, त्याला 'ऊसिआ'पासून शब्द काढताना काही खटकले नाही.

शब्दाची फोड करणाऱ्यांचा वाद असा चालू असताना भाषांतर करणाऱ्यांना थांबून चालणार नव्हते. त्यांना काहीतरी लिहिणे भाग होते. सिरियाच्या भाषेतल्या एका जुन्या भाषांतरात 'नित्याची भाकरी' असे आले, तर पुढे रूढ झालेल्या भाषांतरात 'आमच्या गरजेची भाकरी' असे झाले. इजिप्तच्या कॉप्टिक भाषेत 'येणारी, उद्याची' हा अर्थ घेतला गेला. लॅटिनमध्ये आरंभापासून 'रोजची' हा शब्द चालत आला.

सगळ्यांत नवलाची गोष्ट जेरोमची. इ. स. ३८२ मध्ये रोमचा पोप दामासस याने त्याला लॅटिन शुभवर्तमाने ग्रीकशी ताडून सुधारण्याचे काम सांगितले. जेरोम या शब्दापाशी आला. लूकमध्ये त्याने जुना 'कोतिदिआनुम', म्हणजे रोजचा, हा शब्द राहू दिला. मत्तयामध्ये मात्र त्याच ग्रीक शब्दासाठी 'सुपरसुब्स्तान्सिआलेम', म्हणजे सर्व सत्त्वांच्या पलीकडची, असा लांबलचक शब्द घातला. एकच माणूस, एकच मूळ शब्द, आणि भाषांतरे दोन! पुढे मत्तयावर टीका लिहिताना त्याने आणखी एक माहिती नोंदवली: हिब्रू लोकांचे म्हणून जे एक शुभवर्तमान त्याने पाहिले होते, त्यात या जागी 'उद्या' या अर्थाचा शब्द होता. म्हणजे तिन्ही वाटा त्याने पाहिल्या होत्या. लोकांनी मात्र उपासनेत म्हणायला 'रोजची' हाच शब्द ठेवला. युरोपातील बहुतेक भाषांत तो तिथूनच उतरला.

वाचताना एक शंका येते, तीही पाहू. 'रोजची' असे म्हणायला ग्रीकमध्ये शब्द नव्हता काय? चांगले दोन होते. विधवांना रोज अन्न वाटले जाई, ते सांगताना 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात 'काथेमेरिनोस' हा शब्द आला आहे. याकोबाच्या पत्रात, अंगावर वस्त्र नाही आणि रोजचे अन्न नाही अशा भावंडांविषयी लिहिताना 'एफेमेरोस' आला आहे. शिवाय लूकच्या प्रार्थनेत 'दररोज' या अर्थाचे शब्द वेगळे आहेतच. तिथे क्रियापदही 'देत राहा' अशा रूपाचे आहे. मत्तयात ते 'दे' असे आहे आणि सोबत 'आज' हा शब्द आहे. आता 'एपिऊसिओस'चा अर्थ निव्वळ 'रोजची' धरला, तर लूकचे म्हणणे 'रोजची भाकरी रोज देत राहा' असे होते. एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी. तेव्हा या शब्दाच्या पोटात 'रोजची'हून काही निराळे असावे, असे पुष्कळांना वाटते.

इथवर सगळा कारभार ग्रंथांतला. पुढची हकीकत मात्र एका उकिरड्यातल्या कागदासारखी आहे, आणि मला ती फार आवडते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या कोरड्या वाळूतून पपायरसचे हजारो तुकडे निघू लागले. पपायरस म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेला जुन्या काळचा कागद. त्यांवर काय होते? सरकारी सारा भरल्याच्या पावत्या, घरी धाडलेली पत्रे, कर्जाचे कागद, बाजारहाटाचे हिशेब. जर्मन पंडित डाइसमान यांनी हे कागद नव्या कराराशी ताडून पाहिले. तोवर नव्या करारातले कित्येक ग्रीक शब्द खास धर्माचे, इतरत्र न आढळणारे मानले जात. ते शब्द या पावत्यांत आणि पत्रांत सापडू लागले. नव्या कराराची भाषा ही शेतकऱ्याची, व्यापाऱ्याची, शिपायाची चालती बोली होती, हे उघड झाले. साहजिकच सगळ्यांचे डोळे लागले: आपला शब्द कुठे सापडतो काय?

आणि तो सापडला, असे वाटले. इजिप्तच्या फायूम भागात हवारा म्हणून ठिकाण आहे. तिथे पेट्री या संशोधकाने उत्खनन केले होते. त्यात मिळालेल्या कागदांपैकी एकाचा मजकूर सेस या पंडिताने वाचून १८८९ मध्ये छापला होता. तो घरखर्चाचा हिशेब होता; जिन्नस आणि त्यापुढे पैसे. त्यात एका ओळीवर अर्धा ओबोल, म्हणजे किरकोळ रक्कम, आणि तिच्यापाशी अक्षरे: 'एपिऊसि'. पुढचे तुटलेले. १९२५ मध्ये डेब्रुनर या भाषापंडिताने या ओळीकडे सर्वांचे लक्ष वेधले. केवढा आनंद झाला असेल! प्रार्थनेतला गूढ शब्द वाण्याच्या यादीत! म्हणजे ही तर साधी शिध्याची गोष्ट, एका दिवसाच्या खाण्याचा खर्च. ऑरिजेनची सत्त्वाची भाकरी मागे पडली. नामांकित कोशांत या कागदाचा दाखला आला.

फक्त एक अडचण होती. मूळ कागद कुठे गेला, ते कोणालाच ठाऊक नव्हते. १९५७ मध्ये अमेरिकन पंडित ब्रूस मेट्झगर यांनी या प्रश्नावर लेख लिहिला आणि या पुराव्यावर फार भार टाकू नये, असे बजावले. कारण सगळी भिस्त एका माणसाने एकदा केलेल्या वाचनावर होती, आणि ते पडताळून पाहायला कागद समोर नव्हता.

पुढे १९९८ मध्ये हा कागद अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडला. जाणकारांनी तो नव्याने वाचला, आणि १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आला. तिथे 'एपिऊसि' नव्हतेच. तिथे होते 'एलाइऊ', म्हणजे तेलाचे. कोणीतरी अर्धा ओबोल तेलाला खर्च केला होता, एवढाच त्याचा अर्थ! सत्तरहून अधिक वर्षे मोठमोठे लोक ज्या दाखल्यावर विसंबले, तो तेलाच्या हिशेबाचा निघाला. आपला शब्द पुन्हा एकटाच उरला. ऑरिजेनने सांगितले होते तसाच.

यात कोणाला हसण्याचे कारण नाही. सेस हे विद्वान गृहस्थ होते, आणि तुटक, पुसट अक्षरे वाचणे सोपे नसते. पण ज्याची फार वाट पाहावी, ते दिसल्यासारखे वाटते, हे आपल्याही अनुभवाचे आहे. मृगाच्या आधी आभाळात जरा काळे दिसले की आपण म्हणतो, आला पाऊस! पंडितांचेही तसेच झाले. फरक इतकाच की, त्यांच्यांतल्याच काहींनी मूळ कागद पाहिल्याशिवाय खरे मानायचे नाही, हा हट्ट सोडला नाही. चूक दुरुस्त झाली ती त्या हट्टामुळे.

मग हाती काय राहिले? शब्द अडला की त्याच्या आजूबाजूला पाहावे, असे आपण मुलांना सांगतो. तेच करू. ही प्रार्थना ज्यांना प्रथम शिकवली, ते लोक जुन्या कराराच्या गोष्टी ऐकत वाढलेले. त्यांत 'निर्गम' या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात मान्नाची गोष्ट आहे. इजिप्तमधून सुटलेले इस्राएल लोक रानात उपाशी असतात, तेव्हा रोज सकाळी जमिनीवर मान्ना नावाचे अन्न पडते. नियम असा की, माणशी एक ओमेर एवढेच गोळा करायचे आणि उद्यासाठी उरवायचे नाही. ज्याने जास्त गोळा केले त्याला जास्त झाले नाही, ज्याने कमी केले त्याला कमी पडले नाही. ज्यांनी साठवले त्यांच्या मान्नात किडे पडले. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा, कारण सातवा दिवस विसाव्याचा. त्या दिवशी आदल्या दिवशीची शिदोरी. आज पुढच्या दिवसाचे हाती असणे, यात त्या गोष्टीनुसार पाप नव्हते. पाप होते ते हावेने साठवण्यात.

आणि दुसरे पाहायचे ते मजुराचे घर. मत्तयाच्या २० व्या अध्यायात द्राक्षमळ्याची गोष्ट आहे. माणसे सकाळपासून चौकात उभी. कोणी कामाला लावील काय, याची वाट पाहत. रोज एक दीनार. संध्याकाळी मालक रोकडा मोजतो. जुन्या करारात कायदाच होता की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, सूर्य मावळण्याच्या आत द्यावी. कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला आहे. अशा माणसाच्या दृष्टीने 'आजची', 'उद्याची' आणि 'जगण्यापुरती' या तीन निराळ्या भाकरी आहेत काय? आज संध्याकाळी मजुरी हातात पडली, तर उद्या सकाळी चूल पेटणार. उद्याची भाकरी आज मिळाली, तरच रात्री झोप लागणार. आपल्याकडे जुन्या मराठी व्यवहारात 'रोजमुरा' म्हणत, रोजच्या रोज मिळणारे वेतन. तो चुकला तर काय होते, हे ज्याच्या घरी घडले त्याला फोड करून सांगावे लागत नाही.

ऑरिजेनसारख्यांना वाटले की पोटाची मागणी प्रार्थनेच्या मधोमध शोभत नाही. उलट चौथ्या शतकाच्या अखेरीस अँटिओकमध्ये ख्रिसोस्टोम हा प्रख्यात वक्ता लोकांना सांगत होता की, ही एका दिवसाचीच भाकरी आहे. आपण देहधारी माणसे आहोत, देवदूत नव्हे. आपल्याला अन्न लागते, आणि ते मागण्यात लाज नाही. शब्दाचा वाद मिटलेला नाही, पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोणत्याही वाटेने गेलात, तरी या शब्दातून कोठार भरण्याचा अर्थ निघत नाही. आजची म्हणा, उद्याची म्हणा, जीव राखणारी म्हणा, माप बेताचेच आहे. आणि प्रार्थनेत 'माझी' भाकरी असे कुठे नाही. आरंभापासून 'आमची' आहे. त्या दोन शब्दांविषयी मात्र ग्रीक जाणणाऱ्या कोणाचाही कधी वाद झालेला नाही: एक 'आर्तोस', म्हणजे भाकरी, आणि दुसरा 'हेमोन', म्हणजे आमची.

आपल्या मराठीतही हा ग्रंथ आला. पंडिता रमाबाईंनी तर त्यासाठी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि केडगावला बसून सगळे पवित्र शास्त्र मराठीत उतरवले. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून निघाले. प्रचारातल्या मराठी भाषांतरात या जागी 'रोजची भाकर' असे शब्द आहेत. 'पाव' हा शब्द पोर्तुगिजांमुळे आपल्याकडे होता, पण तो घेतला नाही. खेड्यातल्या माणसाच्या ताटात जे असते, ते घेतले. विशेषणाचे काय व्हायचे ते होवो, नाम मात्र अचूक पडले.

शिक्षक मित्रांना जाता जाता एक सांगतो. वर्गात एखादे मूल विचारते, "गुरुजी, या शब्दाचा अर्थ काय?" आणि आपल्याला तो ठाऊक नसतो. अशा वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. त्या वेळी हा तेलाचा हिशेब आठवावा. अर्थ सापडलेला नाही, पण या तीन वाटा आहेत, आणि प्रत्येकीत ही अडचण आहे, असे मुलांना सांगता येते. त्याने गुरुजींची किंमत कमी होत नाही. ऑरिजेनने तेच केले होते, आणि म्हणून अठराशे वर्षांनंतरही त्याची साक्ष उपयोगी पडली.